पाण्याच्या निळ्या ड्रममध्ये आधी काय होतं? भंगारातून घरात येणाऱ्या रसायनांचा माग

पिंपळे गुरवमध्ये, आणि एकूणच पिंपरी-चिंचवड शहरात, नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं. त्यामुळे बैठ्या घरात, भाड्याच्या खोलीत पाणी साठवण्याची सोय करावीच लागते. मोठी टाकी बसवायला जागा नसते आणि पैसेही नसतात. मग दारात निळा प्लास्टिकचा ड्रम येतो. साधारण दोनशे लिटरचा, जाड, मजबूत, झाकणासकट आणि नव्या टाकीपेक्षा कितीतरी स्वस्त. कुणी तो भोसरी-चिखलीकडच्या भंगारवाल्याकडून आणतो, कुणी टेम्पोवर विकायला आलेला घेतो. घरी आणून साबण-सोड्याने घासतो, एक-दोन दिवस उन्हात ठेवतो आणि वापरायला काढतो. त्याच पाण्याने स्वयंपाक होतो, वुजू करतो, लेकरं तेच पाणी पितात.

यात एक प्रश्न राहून जातो. या ड्रममध्ये आधी काय होतं?

बहुतेक वेळा हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही नाही. लेबल खरवडून काढलेलं असतं किंवा धुऊन गेलेलं असतं. ड्रम रिकामा दिसतो, पण त्याचा इतिहास त्याच्या भिंतीत मुरलेला असतो. असा इतिहास हरवलेल्या वस्तू आपल्या घरात कशा येतात, त्यांचा माग कसा काढता येतो आणि आपण काय करू शकतो, हे आम्ही या लेखात मांडत आहोत.

ड्रम येतो कुठून

पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव हा सगळा पट्टा वाहनांचा आणि त्यांच्या सुट्या भागांचा. एका गाडीमागे रंगकाम लागतं, प्लेटिंग लागतं, मशीनवर कूलंट लागतं, धातू धुवायला अ‍ॅसिड आणि सॉल्व्हंट लागतात. ही सगळी रसायनं ड्रममधूनच येतात. याच पट्ट्यात खाण्याच्या वस्तू बनवणारे कारखानेही आहेत. त्यांच्याकडे लिक्विड ग्लुकोज, फळांचा गर, खाद्यतेल असं सामान ड्रममधूनच येतं. म्हणजे प्रत्येक निळा ड्रम विषारी नसतो. अडचण अशी आहे की बाहेरून दोन्ही ड्रम सारखेच दिसतात.

कायद्याला ही अडचण माहीत आहे. केंद्र सरकारच्या 2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत 33.1 क्रमांकाची नोंद आहे. घातक रसायनांनी दूषित झालेले रिकामे ड्रम, डबे आणि त्यांचं अस्तर यांना तिथे स्पष्टपणे ‘घातक कचरा’ म्हटलं आहे. म्हणजे कारखान्याने तो ड्रम येईल त्या भंगारवाल्याला विकायचा नसतो. परवाना असलेल्या ठिकाणी तो निर्मळ करून घ्यायचा, नाहीतर रांजणगावला आहे तशा घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचा. पाठवताना त्यावर लेबल लावायचं आणि सोबत सात प्रतींचं चलन बनवायचं. त्यातली प्रत्येक प्रत वेगळ्या रंगाची असते. माल पाठवणारा, नेणारा, घेणारा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या सगळ्यांकडे त्याची नोंद राहावी हा हेतू. असा कचरा कारखान्याने साधारण 90 दिवसांपेक्षा जास्त काळ साठवून ठेवायचा नाही, हेही नियमात आहे.

कागदावर ही साखळी पक्की आहे. ती तुटते ती कारखान्याच्या गेटवर. घातक कचरा नियमाप्रमाणे पाठवायला पैसे मोजावे लागतात. तोच ड्रम ‘रिकामा प्लास्टिक ड्रम’ म्हणून भंगारात दिला तर उलटे पैसे मिळतात. एकदा तो गेटबाहेर पडला की सात प्रती नाहीत, लेबल नाही आणि नावही नाही. तिथून पुढे तो फक्त एक ड्रम असतो.

धुतल्याने काम भागत नाही, हेही समजून घेतलं पाहिजे. हे ड्रम बहुधा एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचे असतात. थिनर, कीटकनाशकं आणि इतर सॉल्व्हंट या प्लास्टिकच्या भिंतीत शिरतात. वरचा थर धुऊन निघतो, पण आत मुरलेलं नंतर हळूहळू पाण्यात उतरतं. उन्हाने ड्रम तापला तर ते आणखी वेगाने बाहेर येतं. ड्रमला वास येत असेल तर तो घ्यायचाच नाही. पण वास येत नाही म्हणून तो सुरक्षित आहे असंही समजू नये. शिसं, क्रोमियम यांच्या क्षारांना वास नसतो.

भंगार हा आपला जुना धंदा आहे

हे सगळं वाचून कुणी भंगारवाल्याकडे बोट दाखवेल. ते बरोबर होणार नाही. आजकाल मोठमोठ्या परिषदांमध्ये ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ हा शब्द गाजतो. म्हणजे वस्तू वापरून फेकून द्यायची नाही, ती दुरुस्त करायची, पुन्हा वापरायची, वितळवून नवी करायची. आपल्या समाजातल्या कितीतरी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलं. पिंजारी जुन्या गादीचा कापूस पिंजून नवा करायचा. शिकलगार बोथट सुरीला धार लावायचा. कल्हईवाला दारात भट्टी पेटवून, नवसागर टाकून, तांब्या-पितळेच्या भांड्यावर कथलाचा थर चढवायचा. कबाडी रद्दी, लोखंड, बाटल्या गोळा करायचा. कुदळवाडीच्या भंगारपट्ट्याने तर अख्ख्या औद्योगिक शहराचा कचरा वर्षानुवर्षं पेलला.

मग फरक कुठे पडला? पिंजाऱ्याच्या हातात कापूस असायचा आणि कापूस म्हणजे कापूसच. कल्हईवाल्यासमोर तांबं असायचं आणि तो काम आपल्या डोळ्यांदेखत करायचा. वस्तूत काय आहे ते डोळ्यांना दिसायचं, हाताला कळायचं. आजच्या वस्तूचं तसं नाही. एका जुन्या टीव्हीच्या काळ्या डब्यात आग लागू नये म्हणून घातलेलं रसायन असतं, सर्किटच्या डाकात शिसं असतं, ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. हे ना दिसतं, ना हाताला लागतं. कारागीर तितकाच कष्टाळू आहे, पण त्याच्या हातात काय आलंय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. घरात ते विष पोहोचायच्या आधी त्याच्याच फुप्फुसात जातं, त्याच्या कपड्यांवरून त्याच्या मुलांपर्यंत जातं.

फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीत मोठी कारवाई केली. आठशेहून अधिक एकरांवरची चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली. अनधिकृत बांधकाम, प्रदूषण आणि गोदामांना लागणाऱ्या आगी ही कारणं सांगितली गेली. त्या कारवाईत ज्यांची रोजी गेली त्यात आपली असंख्य कुटुंबं होती. त्या दुःखाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे एवढंच म्हणायचं आहे की शहरात कारखाने आहेत तोवर भंगार निघणारच, आणि ते कुणीतरी उचलणारच. एका जागी असलेला धंदा पांगला म्हणजे त्यातली रसायनं संपली असं होत नाही. उलट कोणता माल कुठून आला आणि कुठे गेला, हे शोधणं आणखी अवघड होतं. खरी जबाबदारी पहिल्या टप्प्यावर आहे. ज्याने रसायन वापरलं आणि ज्याला ते काय आहे हे पक्कं माहीत आहे, त्याने ते सांगितलं पाहिजे. नियमही तेच म्हणतो.

पातेल्यातलं शिसं

ड्रमची गोष्ट समजायला सोपी आहे. पातेल्याची त्याहून गंभीर आहे, कारण पातेलं दिसायला नवंकोरं असतं.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिएटल शहराच्या परिसरात अफगाणिस्तानातून निर्वासित म्हणून आलेली अनेक कुटुंबं राहतात. त्यांच्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त निघू लागलं. आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन शोध घेतला. भिंतींचा रंग पाहिला, मसाले पाहिले, सुरमा पाहिला. मग लक्ष स्वयंपाकघरातल्या भांड्यांकडे गेलं. मायदेशातून आणलेली अ‍ॅल्युमिनियमची पातेली आणि कुकर प्रयोगशाळेत तपासले. आंबट द्रावण उकळल्यावर त्यातून शिसं बाहेर पडत होतं. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांतून ते फारच कमी येत होतं. हा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर 2024 मध्ये त्या राज्याने भांड्यांमधल्या शिशावर मर्यादा आणणारा कायदा केला. 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या काही भांड्यांबद्दल इशारा दिला. त्यात पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या हिंडालियमचंही नाव होतं.

पातेल्यात शिसं येतं कसं? शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात ते जवळजवळ नसतं. पण छोट्या भट्टीत जे भंगार वितळतं त्यात इंजिनचे तुकडे, रेडिएटर, तारा, डाक लावलेले भाग, कधी बॅटरीचे अवशेष असं सगळं एकत्र जातं. भट्टीवाल्याकडे धातू तपासायचं यंत्र नसतं. तो रंग आणि वजन पाहून माल ओततो. वितळल्यावर इंजिन, रेडिएटर आणि तार यांची ओळख पुसली जाते. शिसं मात्र तसंच राहतं आणि चकचकीत पातेल्यात येऊन बसतं. पुढे त्यात चिंच, टोमॅटो किंवा दही घालून कालवण तासभर शिजलं की ते अन्नात उतरतं.

शिशाला चव नाही आणि वास नाही. कमी प्रमाणात असताना त्याने सहसा उलटी होत नाही की ताप येत नाही. पण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. बुद्धी मंदावते, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते, अंगात रक्त कमी होतं. ते हाडांमध्ये साठतं आणि बाई गरोदर राहिली की पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या 2020 च्या अहवालाचा अंदाज असा आहे की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आहे. अशी मुलं एकट्या भारतात 27 कोटींहून अधिक आहेत. त्या अहवालाने दाखवलेलं एक मोठं कारण म्हणजे जुन्या शिशाच्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणं आणि वितळवणं. म्हणजे इथेही भंगाराचा निष्काळजी फेरवापरच.

काळं प्लास्टिक आणि जुनी दारं

हाच खेळ प्लास्टिकमध्ये चालतो. टीव्ही, कॉम्प्युटर, प्रिंटर यांच्या खोक्यांमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमीन असलेली रसायनं घालत असत. त्यातली काही शरीरात साठतात आणि संप्रेरकांच्या कामात गडबड करतात. म्हणून जगभरात त्यांच्यावर बंदी आली. पण जुने टीव्ही दळून त्याचं प्लास्टिक पुन्हा वापरलं गेलं. आयपेन या पर्यावरण संस्थांच्या जागतिक जाळ्याने 2017 मध्ये 26 देशांतून रंगीत घनाचं कोडं आणि तशी खेळणी गोळा करून तपासली. सुमारे 90 टक्के नमुन्यांत ती बंदी घातलेली रसायनं सापडली. खेळण्याला आगीपासून वाचवायची कुणाला गरज नव्हती. ते रसायन कुणी मुद्दाम घातलंही नव्हतं. ते जुन्या टीव्हीबरोबर आपोआप आलं.

जुन्या दारं-खिडक्यांचंही तसंच आहे. वाडा पाडला की त्याचं लाकूड आपण आनंदाने घेतो, आणि लाकूड चांगलंही असतं. पण भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग अशी घालून दिली गेली ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. असं दार घरात बसून सँडपेपरने घासलं तर ती धूळ थेट रांगत्या बाळाच्या हाताला लागते.

बोल्टचा शजरा आहे, ड्रमचा नाही

मग वस्तूत काय आहे याची नोंद ठेवणं शक्यच नाही का? शक्य आहे, आणि ते आपल्याच दाराशी रोज होतं.

युरोपने 2003 पासून नव्या गाड्यांमध्ये शिसं, पारा, कॅडमियम आणि षट्संयुजी क्रोमियम यांच्यावर काही ठरावीक सवलती सोडून बंदी घातली. त्यामुळे जगभरच्या वाहन कंपन्यांनी आयएमडीएस नावाची एक सामायिक नोंदवही कॉम्प्युटरवर चालवली आहे. भोसरी किंवा चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बनलेला बोल्ट परदेशी गाडीत जाणार असेल, तर त्यात कोणता धातू किती, वरचा थर कशाचा, तेल कोणतं, हे सगळं त्या वहीत भरावं लागतं. भरलं नाही तर ऑर्डर जाते. आपल्या समाजातली अनेक मुलं या वर्कशॉपमध्ये क्वालिटीच्या खात्यात आहेत. त्यांना हे काम चांगलं ठाऊक आहे.

थोडक्यात, युरोपच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या बोल्टला पूर्ण शजरा आहे. त्याचं मूळ, त्याची पिढी, सगळं लिहिलेलं. आणि पिंपळे गुरवमध्ये ज्या ड्रममधून लेकरू पाणी पितं त्याला बापाचं नावसुद्धा नाही.

युरोपने पुढचं पाऊलही टाकलं आहे. 5 जानेवारी 2021 पासून तिथे एखाद्या वस्तूत अतिचिंताजनक रसायन वजनाच्या 0.1 टक्क्यापेक्षा जास्त असेल तर कंपनीला ते सरकारी नोंदवहीत लिहावं लागतं. उद्या ती वस्तू भंगारात गेली की भंगारवाल्याला ते पाहता यावं, हा त्यामागचा विचार. फेब्रुवारी 2027 पासून मोठ्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट लागणार आहे.

आपल्याकडेही नियम आले आहेत. 2022 च्या ई-कचरा नियमांनी नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिसं, पारा, षट्संयुजी क्रोमियम यांना 0.1 टक्के आणि कॅडमियमला 0.01 टक्के अशी मर्यादा घातली आहे. बॅटऱ्यांसाठी 2022 चे नियम आहेत, आयुष्य संपलेल्या वाहनांसाठी 2025 चे. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, जस्त यांच्या भंगाराची जबाबदारी 1 एप्रिल 2026 पासून उत्पादकांवर टाकणारे नियमही केंद्राने काढले आहेत. हे चांगलंच आहे. पण या नियमांमध्ये हिशेब मुख्यतः वजनाचा असतो. किती किलो माल परत आला हे मोजलं जातं. त्या किलोत काय मिसळलेलं होतं हे पुढच्या माणसाला कळेलच असं नाही. ती उणीव भरून निघायला हवी.

माग काढला तर फायदा होतो याचं एक सुंदर उदाहरण शेजारच्या बांगलादेशचं. तिथे गरोदर बायकांच्या रक्तात शिसं आढळत होतं. ते कुठून येतं हे शोधताना संशोधकांनी रक्तातल्या शिशाची जात आणि वेगवेगळ्या संशयित वस्तूंमधल्या शिशाची जात ताडून पाहिली. ती जुळली हळदीशी. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट फासत होते. 2019 मध्ये हे जाहीर झालं. सरकारने बाजारात छापे टाकले, दंड केला, लोकांना सांगितलं. त्या वर्षी बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं. 2021 मध्ये ते शून्यावर आलं. दोन वर्षांत.

आपल्या महाराष्ट्रातही असा माग निघाला आहे. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडाला इजा झाली. एकाच वेळी तिघींना हे का व्हावं, हे कळेना. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर तिघीही एकच गोरं करणारी क्रीम लावत असल्याचं समोर आलं. तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला. ‘घरात नवीन काय आलं?’ हा साधा प्रश्न विचारल्यामुळे मूळ सापडलं.

ओला गहू वर ठेवा

वस्तूतला दोष लपवू नये, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतलं धान्य ओलं लागलं, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकली आहे. व्यापाऱ्याने सांगितलं की पावसाने भिजलं. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारलं की मग ते ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, म्हणजे लोकांना दिसलं असतं. त्यांनी फसवणाऱ्याला आपल्यातला मानलं नाही.

यात लक्षात घेण्यासारखं असं की धान्य भिजलं हा त्या व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता. पाऊस तर अल्लाहने पाडला. धान्य विकायलाही मनाई केली नाही. आक्षेप होता तो दोष खाली दडवण्यावर. भंगाराच्या व्यवहाराला हे तंतोतंत लागू होतं. जुना ड्रम विकणं चूक नाही. त्यात आधी काय होतं हे माहीत असून न सांगणं चूक आहे. आणि सगळ्यात आधी हा नियम लागू होतो तो कारखान्याच्या गेटवर, जिथे लेबल खरवडलं जातं.

कुरआनात खाण्याच्या बाबतीत ‘हलाल’सोबत ‘तय्यब’ हा शब्द येतो. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगलं. मटण हलाल आहे की नाही हे आपण दहा वेळा विचारतो. ते ज्या पातेल्यात शिजतंय ते तय्यब आहे का, हेही विचारायला हवं.

घरात काय करायचं

हे वाचून घाबरून सगळी भांडी फेकून द्यायची गरज नाही. पैसे हाताशी येतील तसं, एकेक करून बदलता येईल. सुरुवात पिण्याच्या पाण्यापासून आणि लहान मुलांपासून करावी.

पाण्याचा ड्रम: इतिहास माहीत नसलेला जुना ड्रम पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी, वुजू-आंघोळीसाठी वापरू नका. वुजूत आपण तोंडात आणि नाकात पाणी घेतोच. ड्रमवर ठसा पाहा. गोलात ‘यू’ आणि ‘एन’ ही इंग्रजी अक्षरं उठवलेली असतील तर तो घातक माल वाहून नेण्याच्या दर्जाचा बनवलेला आहे, म्हणून जास्त सावध राहा. लाल चौकटीतलं कवटीचं, ज्वालेचं किंवा मेलेल्या माशाचं चित्र असेल तर तो घरात आणूच नका. त्रिकोणातला 2 हा आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. आत काय होतं ते सांगत नाही. शक्य असेल तर आयएसआय चिन्हाची पाण्याची टाकी घ्या. एका घराला परवडत नसेल तर दोन-तीन भाडेकरूंनी मिळून एक घ्या. तोवर पिण्याचं पाणी स्टीलच्या पिंपात किंवा मातीच्या माठात वेगळं भरून ठेवा. शंकास्पद ड्रम जाळू मात्र नका, धूर त्याहून वाईट.

भांडी: आंबट पदार्थ आणि तासन् तास शिजणारं कालवण स्टीलमध्ये करा. अ‍ॅल्युमिनियमचं घेताना वजनावर विकलं जाणारं बिननावाचं भांडं टाळा. केंद्र सरकारने 2024 मध्ये स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला आहे. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. शादी-वलीम्यासाठी भाड्याने आणलेल्या देगला कल्हई केली असेल तर कथील शुद्ध होतं का ते विचारा. कथलात शिसं मिसळलेलं असलं तर कल्हईच विष होते.

खेळणी: भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. उरूस-जत्रेतलं बिनचिन्हाचं, काळं, ठिसूळ प्लास्टिकचं खेळणं तोंडात घालणाऱ्या वयाच्या बाळाला देऊ नका.

सुरमा आणि क्रीम: सुरमा लावण्याला आपल्याकडे आदर आहे. पण बाजारातला पुष्कळसा सुरमा गॅलिना नावाच्या खनिजाचा, म्हणजे शिशाच्या गंधकयुक्त दगडाचा असतो. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांना तो लावू नका. उत्पादकाचं नाव, पत्ता, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली क्रीम, मग ती परदेशातून कुणी भेट आणलेली असली तरी, चेहऱ्याला लावू नका. आठ दिवसांत रंग उजळतो असं सांगणाऱ्या क्रीमपासून तर दूरच राहा.

घरातला कचरा: फुटलेली ट्यूबलाइट, संपलेले सेल, रंगाचे डबे, जुनी औषधं वेगळ्या पिशवीत घालून घंटागाडीला सांगून द्या. इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी नवी घेताना जुनी दुकानातच परत करा. ती घराजवळ फोडणाऱ्याला विकू नका.

तपासणी: घरात कुणी भंगार, बॅटरी, प्लेटिंग किंवा रंगकामात असेल, मूल सारखं मलूल असेल किंवा शिकण्यात मागे पडत असेल, तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा. कामावरून आल्यावर कपडे बाहेर बदलायचे आणि हात-तोंड धुऊन मगच लेकराला उचलायचं. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

धंद्यातल्या भावांसाठी

भंगाराचा, ड्रमचा, भट्टीचा धंदा करणाऱ्यांनी एक साधी वही ठेवावी. माल कुणाकडून आला, आत काय होतं, कुणाला दिला, एवढे तीनच रकाने. कारखान्याकडून ड्रम घेताना लेबल काढू देऊ नका. उलट त्यात काय होतं हे बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला तयार नसतील तर समजून जा. ड्रमचे दोन ढीग करा. खाद्यपदार्थांचे वेगळे, रसायनांचे वेगळे. रसायनांचे पाण्यासाठी विकू नका, परवाना असलेल्या प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्या. त्यात दोन पैसे कमी सुटतील. पण उद्या चौकशी आली तर वही तुमच्या बाजूने बोलेल, आणि ज्याने चुकीचा माल दिला त्याचं नावही त्यात असेल. ज्याच्याकडे नोंद नाही त्याच्यावर सगळा दोष येतो, हे आपण पाहिलं आहे.

हे एकट्याने जमत नाही. जमातीने मनावर घेतलं तर जमतं. जुम्याच्या बयानात पाच मिनिटं या विषयाला देता येतील. क्वालिटीच्या खात्यात काम करणारी आपली मुलं रविवारी भंगारवाल्यांना चिन्हं वाचायला शिकवू शकतील. मोहल्ल्यात कुणी रसायनाचे ड्रम पाण्यासाठी विकत असेल तर आधी त्याला समजावून सांगा. ऐकलं नाही तर महापालिकेच्या ‘सारथी’ हेल्पलाइनवर किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पिंपरी-चिंचवड कार्यालयात तक्रार करता येते. तक्रारीत फक्त विकणाऱ्याचं नाव देऊन थांबू नका. माल कोणत्या कारखान्याच्या गेटमधून निघाला त्याची चौकशी करा असंही लिहा.

आज घरी गेल्यावर दारातल्या ड्रमकडे एकदा नीट पाहा. त्यावरचा ठसा वाचा. कुठून आणला होता ते आठवा आणि त्या दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर पिण्याचं पाणी आजच दुसऱ्या भांड्यात भरा.